टार्गेटची नोकरी आणि आपली मुले

स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांची यादी छापण्याची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. डॉक्टर, प्राध्यापक, अभियंते, तहसीलदार, पोलीस अधिकारी अशा पदनामांसह आलेली ही नावे वाचताना पालकांचा ऊर भरून येतो आणि आज वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलांना दिशा मिळते. मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत निवासी शाळांतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचा एक फार मोठा गट अशा याद्यांत सहसा दिसत नाही. हे विद्यार्थी बेकार नाहीत. ते पदवीधर आहेत, इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून रोज सकाळी कार्यालयात जातात. कोणी खासगी बँकेत आहे, कोणी विमा कंपनीत, कोणी वित्तपुरवठा कंपनीत, कोणी कॉल सेंटरमध्ये. यादी करणारा त्यांच्या नावापुढे ‘खासगी नोकरी’ असे दोन शब्द लिहितो आणि पुढे जातो. त्या दोन शब्दांत काय दडलेले आहे याविषयी आपल्या समाजात मोकळेपणाने बोलले जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

मी स्वतः या क्षेत्रात अठरा वर्षे आहे. पहिली सात वर्षे टार्गेट घेणारा म्हणून काढली, त्यानंतरची टार्गेट वाटून देणारा म्हणून. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी जे दिसले, त्याच्या आधारे येथे मत मांडत आहे.

आपली मुले या नोकऱ्यांत कशी आली हे आधी पाहिले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ मध्ये सोलापुरात सभेचे वसतिगृह सुरू झाले. पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. वसतिगृह, महाविद्यालय आणि तेथून शासकीय सेवा हा मार्ग दोन-तीन पिढ्यांनी चालून पक्का केला. १९९१ नंतर देशाचे अर्थकारण बदलले. नव्या खासगी बँका १९९४ च्या सुमारास उभ्या राहिल्या, तर विमा क्षेत्र २००० साली खासगी कंपन्यांना खुले झाले. सरकारी भरती आक्रसत गेली आणि नव्या नोकऱ्या जेथे निर्माण झाल्या तेथे आरक्षण नव्हते. तेथील दार सर्वांना सारखे उघडे होते, असेही नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांना समान पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जदाराच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता लक्षणीयरीत्या कमी असल्याचे त्यातून दिसले.

ज्यांचे आडनाव, उच्चार आणि ओळखी त्यांना आत नेत नाहीत, त्यांच्यासाठी खासगी क्षेत्राचा एक दरवाजा मात्र सदैव उघडा असतो. तो म्हणजे विक्रीचा. तेथे माणसे सतत लागतात, कारण माणसे सतत सोडून जातात. ग्रामीण भागातून आलेला, घरातला पहिला पदवीधर असलेला मुलगा किंवा मुलगी बहुधा याच दरवाजाने आत शिरते.

आता टार्गेट म्हणजे काय ते पाहू. पालकांना हा शब्द ऐकून माहीत असतो, त्याची रचना माहीत नसते. मुख्य कार्यालय ठरवते की यंदा व्यवसाय अमुक टक्क्यांनी वाढला पाहिजे. ती वाढ विभागांत वाटली जाते, विभागाची शाखांत, शाखेची माणसांत. शेवटी जालन्याच्या किंवा यवतमाळच्या शाखेतील तेवीस वर्षांच्या मुलाच्या वाट्याला एक आकडा येतो. जालन्यात किती कुटुंबांना विम्याची गरज आहे, त्यांपैकी किती जणांना हप्ता परवडेल, याचा त्या आकड्याशी काहीही संबंध नसतो. आकडा वरून खाली येतो, खालची परिस्थिती मात्र वर जात नाही. महिनाअखेर आकडा गाठला तरी पहिल्या तारखेला पाटी पुन्हा कोरी. मूळ पगार बेताचा, उरलेली कमाई इन्सेंटिव्हवर. सकाळची मीटिंग, दुपारचा कॉन-कॉल, संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येकाच्या नावापुढे त्या दिवसाचा आकडा. ज्याच्या नावापुढे शून्य असते त्याला सर्वांदेखत काय ऐकून घ्यावे लागते, हे २०२३ साली समाजमाध्यमांवर पसरलेल्या एका चित्रफितीने देशाला दाखवले. एका मोठ्या खासगी बँकेचा अधिकारी ऑनलाइन बैठकीत कनिष्ठांवर ओरडत होता. बँकेने त्याला निलंबित केले. परंतु या क्षेत्रातील कोणालाही त्या चित्रफितीत नवीन काही दिसले नाही.

हे सगळे कष्टाचे आहे, अपमानाचे आहे. पण कष्ट आणि अपमान आपल्या समाजाला नवे नाहीत. मला अधिक गंभीर वाटते ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती थेट आपल्याशी, म्हणजे वाचकांशी, संबंधित आहे.

विमा किंवा गुंतवणूक विकण्याच्या नोकरीत रुजू झालेल्या नव्या उमेदवाराकडून पहिल्या आठवड्यात एक यादी करून घेतली जाते. ‘तुझ्या ओळखीच्या शंभर माणसांची नावे लिही.’ मुलगा प्रामाणिकपणे लिहितो: एसटीत कंडक्टर असलेले काका, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी मावशी, नगरपालिकेत सफाई कामगार असलेले मामा, वसतिगृहातील वॉर्डन सर, धम्म परिषदेत भेटलेले कार्यकर्ते. पहिले दोन-तीन महिने टार्गेट याच यादीतून पूर्ण होते. मामा पॉलिसीची कागदपत्रे वाचत नाहीत. आपला भाचा साहेब झाला, त्याला हातभार लावलाच पाहिजे, एवढेच त्यांना कळते. ते सही करतात. पुढच्या वर्षी हप्ता भरणे जमत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांतच हप्ते थांबले तर भरलेल्या रकमेचा मोठा भाग हातचा जातो. तोपर्यंत यादी संपलेली असते, टार्गेट मात्र वाढलेले असते. भाचा नोकरी सोडतो किंवा त्याला सोडायला लावतात. कंपनी दुसरा भाचा शोधते.

या व्यवहारात कंपनीने नेमके काय मिळवले याचा विचार करा. तिला केवळ एका पदवीधराचे श्रम मिळाले नाहीत. त्याच्या मागे उभ्या असलेल्या वस्तीचा विश्वास तिला मिळाला. तीन पिढ्यांनी पोटाला चिमटा घेऊन, एकमेकांच्या मुलांना आधार देऊन हा विश्वास कमावला आहे. त्याची किंमत कोणत्याही ताळेबंदात लिहिलेली नसते. तो विश्वास आटतो, तेव्हा तो मुलगा समारंभांना येणे टाळू लागतो. असे चेहरे मी पाहिले आहेत. नोकरी गेल्याचे दुःख त्यांना असतेच, त्याहून मोठे दुःख मामासमोर उभे राहता येत नाही याचे असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मोजमाप ही मुळात वाईट गोष्ट आहे, असे माझे म्हणणे नाही. शिक्षकालाही अभ्यासक्रम वेळेत संपवायचा असतो, आरोग्यसेविकेलाही लसीकरणाचे उद्दिष्ट असते. विम्याचीही गरज आहे. घरातला एकमेव कमावता माणूस अकाली गेल्यावर साध्या मुदतीच्या विम्याने कुटुंब सावरल्याची उदाहरणे आपल्या वस्त्यांत आहेत. व्यवस्थापनशास्त्रात उद्दिष्टांनुसार काम करण्याची कल्पना पीटर ड्रकर यांनी १९५४ साली मांडली. आपली उद्दिष्टे ठरवण्यात व्यवस्थापकाचा स्वतःचा सहभाग असावा आणि त्याने स्वतःच्या कामावर स्वतः नियंत्रण ठेवावे, हा त्या कल्पनेचा गाभा होता. कार्यालयांनी त्यातले उद्दिष्ट तेवढे उचलले आणि सहभाग सोडून दिला. ज्यांना जपानी उद्योग गुणवत्तेचे गुरू मानतात त्या डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी तर कामगारांवर आकड्यांचे कोटे लादणे बंद करावे, असे आपल्या चौदा सूत्रांतच सांगून ठेवले होते.

कोटा लादला की काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेचे आहे. प्रत्येक ग्राहकाला बँकेच्या आठ सेवा विकल्या पाहिजेत, असे तेथील धोरण होते. ते साधेना, तेव्हा कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावे लाखो खाती उघडली. २०१६ साली बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. त्याआधीच्या काही वर्षांत या कारणावरून सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे बँकेने सांगितले. त्यांतले बहुसंख्य खालच्या पायरीवरचे होते. तेव्हा आपल्या शेजारी असलेल्या अविभाजित आंध्र प्रदेशात २०१० साली सूक्ष्म वित्तपुरवठ्याचे संकट उभे राहिले, तेही याच जातीचे होते. कर्जवाटपाचे आणि वसुलीचे टार्गेट घेऊन फिरणाऱ्या तरुणांनी एकाच बाईला अनेक कंपन्यांची कर्जे दिली आणि मग गटातील इतर बायांना तिच्या दारात बसवले. सरकारला अध्यादेश काढावा लागला. कर्ज देणारा तरुण आणि कर्ज घेणारी बाई, दोघेही गरीब घरांतले होते, ही त्यातली खरी शोकांतिका.

अशा वेळी आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झाला आहे का, हे पाहणे अप्रस्तुत होणार नाही. सम्यक आजीविका म्हटले की आपल्याला शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच वर्ज्य व्यापारांची आठवण होते. आपली मुले यांपैकी काहीच विकत नाहीत, तेव्हा प्रश्न मिटला असे आपण समजतो. पण मज्झिम निकायातील महाचत्तारीसक सुत्तात मिथ्या आजीविकेचे वर्णन वेगळ्या अंगाने केले आहे. फसवणूक, गोड बोलून गळ घालणे, आडून सुचवणे, समोरच्याला कमी लेखून राजी करणे आणि लाभाच्या जोरावर आणखी लाभाच्या मागे लागणे, या गोष्टी तेथे मिथ्या आजीविकेत मोडतात. म्हणजे काय विकतो इतकेच कसे विकतो हेही महत्त्वाचे ठरते. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त तर मालकाची कर्तव्ये सांगते: सेवकाला त्याच्या शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगलेचुंगले वाटून खावे आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. सेवकाने काम चोख करावे, दिलेलेच घ्यावे, ही त्याची बाजूही तेथे आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या पाच कर्तव्यांतले पहिलेच कर्तव्य ‘शक्तीनुसार काम’ हे आहे. आजच्या टार्गेटच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

सुट्टीचा उल्लेख आला म्हणून कामाच्या तासांविषयीही बोलले पाहिजे. रविवारची साप्ताहिक सुट्टी गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून मिळाली ती सत्यशोधक नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९४६ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याच्या कामाची मर्यादा ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. २०२३ साली एका नामवंत उद्योजकाने, इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले, तेव्हा देशभर चर्चा झाली. विक्रीच्या नोकरीतील मुलांना त्या चर्चेचे नवल वाटले नसावे. सोसायटीच्या फाटकाशी कॅनॉपी लावून रविवार घालवण्याची त्यांना सवय आहे.

हे कायद्याच्या राज्यात कसे चालते, असा प्रश्न पालक विचारतील. त्याचे अर्धे उत्तर पदनामात आहे. ‘रिलेशनशिप मॅनेजर’, ‘सेल्स मॅनेजर’ अशी पदनामे नियुक्तिपत्रात पाहून घरात पेढे वाटले जातात. प्रत्यक्षात त्या मॅनेजरच्या हाताखाली एकही माणूस नसतो. मात्र महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना लागू होत नाही. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, जादा कामाचा दुप्पट मोबदला हे संरक्षण अशा रीतीने एका शब्दाच्या आडून निसटते. वस्तुतः पदाचे नाव नव्हे, तर कामाचे स्वरूप पाहावे, ही भूमिका न्यायालयांनी अनेकदा घेतली आहे. पण न्यायालयापर्यंत जाण्याचे बळ प्रोबेशनवरच्या मुलाकडे नसते, आणि त्याच्यामागे संघटनाही नसते. गिरणी कामगाराकडे निदान युनियन होती. टाय लावलेल्या आपल्या मुलाकडे तीही नाही, आणि आपण कामगार आहोत हे त्याला कोणी सांगितलेलेही नाही.

यावर काही ज्येष्ठ म्हणतील, ‘आमच्या पिढीने याहून वाईट दिवस काढले. आम्ही खाणीत, रस्त्यावर राबलो. यांना पंख्याखाली बसून काम आहे, तरी तक्रार?’ हा प्रश्न मी आदराने ऐकतो. त्यांच्या कष्टांची तुलना कशाशीही होणार नाही. तरीही एक फरक नम्रपणे नोंदवतो. खाणीत राबणारा माणूस घरी आल्यावर खाण मागे राहत असे, आणि आपल्या दुःखाचे कारण काय आहे हे सगळ्या वस्तीला ठाऊक असे. टार्गेट घरी येते, जेवणाच्या ताटापाशी मोबाइलवर वाजते, आणि ते पूर्ण झाले नाही तर दोष त्या मुलाच्या लायकीचा मानला जातो. ज्या समाजाच्या लायकीवर शतकानुशतके शंका घेतली गेली, त्या समाजातील मुलाला महिनाअखेरच्या आकड्यात आपल्या लायकीचा निवाडा दिसू लागतो. हे ओझे इतरांपेक्षा त्याच्यावर अधिक असते.

तेव्हा करायचे काय? ‘अशा नोकऱ्या करू नका’ असे सांगणे सोपे आहे, पण घरात कर्ज आणि धाकटी भावंडे असलेल्या मुलाला ते सांगण्याचा अधिकार मला वाटत नाही. म्हणून मी केवळ आपल्या हातात असलेल्या गोष्टी सुचवतो.

पालकांनी पगाराचा आकडा विचारताना ‘सीटीसी’वर थांबू नये. त्यात कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि कधी न मिळणारे इन्सेंटिव्ह धरलेले असते. दरमहा हातात किती पडणार, नोटीस पीरियड किती, सोडताना काही रक्कम भरावी लागेल का, मूळ प्रमाणपत्रे कंपनी ठेवून घेते का, हे विचारावे. मूळ प्रमाणपत्रे कोणालाही ठेवू देऊ नयेत. आणि मुलाने नोकरी सोडली तर ‘टिकला नाही’ हा शब्द घरात उच्चारू नये. त्या शब्दाच्या धाकाने कित्येक मुले नको त्या ठिकाणी नको तितकी थांबतात.

समाजबांधवांनी आपला भाचा पॉलिसी घेऊन आला तर त्याला मदत जरूर करावी, पण सहीने नव्हे, प्रश्नांनी. हप्ता किती वर्षे भरायचा, मध्येच थांबलो तर किती परत मिळणार, हे मराठीत लिहून मागावे. पॉलिसीचा दस्तऐवज हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याचा हक्क ग्राहकाला आहे, हे प्रत्येक घरात ठाऊक असावे. प्रामाणिक विक्रेत्याला या प्रश्नांचा त्रास होत नाही. उलट वरिष्ठांना ‘माझे ग्राहक विचारून घेतात’ असे सांगण्याचे बळ त्याला मिळते.

नोकरी करणाऱ्या तरुणांनी स्वतःपुरती एक रेघ पहिल्याच महिन्यात आखून घ्यावी: खोटी सही नाही, लपवलेली अट नाही, न परवडणाऱ्या माणसाला विक्री नाही. रेघ महिनाअखेरीस आखता येत नाही. त्या दिवशी मन थकलेले असते. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत हप्त्यावर दुचाकी घेऊ नये, कारण ‘नाही’ म्हणण्याची किंमत मोजायला पैसा लागतो. ज्यांच्या हाताखाली आता माणसे आहेत अशा माझ्यासारख्यांनी वरून आलेला आकडा तसाच पुढे ढकलू नये. प्रत्येकाचा भाग आणि अनुभव पाहून तो वाटता येतो, शून्याची यादी ग्रुपवर न टाकता एकेकाशी बोलता येते. एवढे अधिकार मधल्या पायरीवरच्या माणसालाही असतात.

शेवटची सूचना माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेला आहे. आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो, तो जरूर करावा. त्याच्या जोडीला दोन कामे हाती घ्यावीत. पहिले, पाच-सहा अनुभवी माजी विद्यार्थ्यांचे एक मंडळ असावे आणि नियुक्तिपत्रावर सही करण्याआधी ते कोणत्याही मुलाला मंडळाकडून वाचून घेता यावे. दुसरे, एक छोटा आधारनिधी असावा. अप्रामाणिक काम नाकारल्यामुळे ज्याची नोकरी गेली, त्याला तीन महिन्यांचे खोलीभाडे आणि जेवणाचा खर्च बिनव्याजी मिळावा, पुढे नोकरी लागल्यावर त्याने तो फेडावा. रक्कम मोठी नाही. शंभर माजी विद्यार्थ्यांनी महिन्याला दोनशे रुपये दिले तरी वर्षाला दोन लाख चाळीस हजार होतात. ज्या दिवशी आपल्या मुलाला ठाऊक होईल की ‘नाही’ म्हटल्यावर आपल्याला तीन महिने सांभाळणारे कोणी आहे, त्या दिवशी वरून येणाऱ्या आकड्याचा त्याच्यावरचा धाक निम्म्याने कमी होईल. पुढील सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडावा, अशी माझी विनंती आहे. माझे पहिल्या वर्षाचे दोन हजार चारशे रुपये मी त्याच सभेत जमा करीन.